सेंटओएस ७ संपल्यानंतरचा सोमवार

३० जून २०२४, रविवार. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या, आणि त्याच दिवशी सेंटओएस ७ या सर्व्हरवर चालणाऱ्या फुकट लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट संपला. भोसरी एमआयडीसीतल्या ज्या कारखान्याचे पाच सर्व्हर मी सांभाळतो, ते पाचही त्यावरच होते. बदलायचं वर्षभर घोळत होतं. दरवेळी प्रॉडक्शनची घाई आडवी यायची.

सोमवारी सकाळी एक साधं पॅकेज टाकायला घेतलं. पॅकेज उतरवणाऱ्या यम कमांडने एरर दिला, मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेज कुठून घ्यायचं ते सांगणारा, होस्ट सापडत नाही. नेट चालू, नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस ठीक. केबलसुद्धा काढून परत लावली. मग डोक्यात प्रकाश पडला की पलीकडचा पत्ताच बंद झालाय. रेपोच्या, म्हणजे पॅकेजच्या साठ्याच्या, फाईलमध्ये व्हॉल्टचा, म्हणजे जुन्या साठ्याचा, पत्ता लिहिल्यावर पॅकेज उतरलं, पण तिथे सगळा जुनाच माल. नवा पॅच, म्हणजे दुरुस्ती, येणार नाही.

दुपारी साहेबांसमोर बसलो. अकाउंट्सचे काका म्हणाले, "एवढी वर्षं फुकट चाललं, आता पैसे कशाला? आणि ती रेड हॅट कंपनी आपलं विकतचं लिनक्स १६ मशीनपर्यंत फुकट देते म्हणे, तुमच्या नावावर घ्या की!"

"काका, ते एकट्या माणसासाठी आहे, कंपनीसाठी नाही. आणि त्यात फोन उचलायला कुणी नसतं."

मग सगळं सांगितलं. सेंटओएस हे रेड हॅटच्याच सोर्स कोडवरून बांधलेलं. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत पॅच मिळणार होते. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत २०२१ अखेरीवर आली. त्यातून अल्मा आणि रॉकी ही तशीच फुकट लिनक्स उभी राहिली. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कुर्टझर यांनी रॉकीला आपल्या दिवंगत सहकाऱ्याचं, रॉकी मॅकगॉ यांचं नाव दिलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. फुकट मिळतं म्हणून ते हलकं नसतं, त्यामागे माणसं राबतात.

तरीही डेटाबेसच्या सर्व्हरसाठी मी विकतचंच मागितलं. आमचा ईआरपीवाला, म्हणजे कारखान्याचं कामकाज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा विक्रेता, रेड हॅट असेल तरच सपोर्ट देतो. रात्री दोनला डिस्पॅच अडला, चलन निघेना आणि गाडी गेटवर उभी राहिली, तर एकट्या माझ्या भरवशावर कारखाना ठेवणं मला पटत नाही. बाकी चार, म्हणजे फाईल, बॅकअप, प्रिंट आणि हजेरी, अल्मा ९ वर. २०३२ पर्यंत पॅच मिळतील, आणि तिथे बिघडलं तर तासभर थांबता येतं.

साहेबांनी एवढंच विचारलं, "एकाचेच पैसे ना?"

"एकाचेच, पण दरवर्षी."

त्यांनी सही केली. मंगळवारी पालख्या पुढे निघाल्या, आणि गुरुवारच्या सुट्टीत मी हजेरीच्या मशीनपासून सुरुवात केली. आधी बॅकअप घेतला, तो दुसऱ्या डिस्कवर उघडून पाहिला, आणि मगच जुनं पुसलं.