रेल्वे असताना गाडीने का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर वर्षी जुलै उजाडला की ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, कोकण रेल्वे असताना गणपतीला गाडीने कशाला जाता? हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस आहे का?" मी "तिकीट मिळत नाही गं" म्हणून सुटका करून घेते. ते खोटं नाही. पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, आता 60 दिवस आधी उघडतं. आम्ही तिघंजण तीन फोन घेऊन सकाळी आठच्या ठोक्याला तयार असतो आणि आठ वाजून दोन मिनिटांनी तिघांच्याही पडद्यावर प्रतीक्षायादी असते.

पण खरं सांगायचं तर दोनदा तिकिटं मिळाली होती. दोन्ही वेळा रद्द केली नि गाडीच काढली. म्हणजे कारण तिकिटाचं नाही.

सामानाचं आहे का? थोडंफार आहे. आमचं गाव मालवण तालुक्यात, कट्ट्याच्या पुढे. मालवणला रेल्वे नाही. कुडाळला किंवा कणकवलीला उतरायचं, सणाच्या गर्दीत रिक्षा शोधायची, आणि त्या रिक्षात सहा माणसं, मखराचे तुकडे, दिव्यांच्या माळा, मिठाईचे डबे आणि नवऱ्याचा पखवाज कोंबायचा. पखवाज तर बाळासारखा न्यावा लागतो. जनरल डब्याच्या दारातून तो आत नेऊन दाखवावा कुणी!

पण हेही वरवरचंच. खरं कारण आमच्या सासूबाईंच्या रुमालाच्या गाठीत असतं.

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. नदी म्हटलं की मला सीनेचं उन्हाळी पात्र आठवतं, वाळू आणि मधे कुठेतरी कपडे धुण्यापुरतं पाणी. लग्नानंतर 2012 साली पहिल्यांदा गणपतीला निघाले, तेव्हा खारपाड्याच्या पुलावर मागून आवाज आला, "काच खाली कर गो." मला वाटलं, आईंना उलटी होतेय. मी घाबरून काच खाली केली तर त्यांनी रुमालाची गाठ सोडली, एक रुपया काढला, कपाळाला लावला आणि पाताळगंगेत टाकला. परत गाठ मारली. मग आंबा नदीला तेच. कोलाडला कुंडलिकेला तेच. कशेडी घाटात मात्र खरंच उलटी झाली, आणि ती माझी. गाडी लागायची मला, आणि तेव्हा कशेडी म्हणजे वळणावर वळण. आईंनी तोंडात आवळासुपारी घातली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आता जगबुडी येतली. तिच्या वाऱ्यान बरा वाटतला." नदीचं नाव जगबुडी, आणि तिच्याने बरं वाटणार! मला हसू आलं. हसल्यावर खरंच बरं वाटलं.

तेव्हापासून मीच त्यांच्या शेजारी बसते. पाताळगंगा, आंबा, कुंडलिका, काळ, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, सोनवी, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, मग खारेपाटणचा पूल, जानवली आणि गड. पंधरा. मधल्या ओढ्यांना नि व्हाळांना आई धरत नाहीत. "सगळ्यांका देवक बसलंय तर मालवणाक भीक मागत पावान," असं त्यांचं म्हणणं. मात्र नाणी सोळा लागतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात कोसळला. दोन एसटी नदीत गेल्या. महिनाभरात गणपती होते. शेजारच्या पुलावरून जाताना गाडीत कुणी बोललं नाही. आईंनी एक नाणं टाकलं, थांबल्या, आणि दुसरं टाकलं. एक नदीला, एक त्या माणसांना. पुढच्या वर्षी नवा पूल वर्षही न लावता उभा राहिलेला होता, पण दुसरं नाणं चालूच आहे.

एकाच नदीला एकदा काहीच मिळालं नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, त्या वर्षी. गणपतीला गेलो तेव्हा दुकानांच्या भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ तशीच होती. वाशिष्ठीवर आल्यावर मी सवयीने काच खाली केली. आई पाण्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिका यंदा काय नको. खूप घेतल्यान हिणा." काच मीच वर केली.

आता तुम्ही म्हणाल, रेल्वेही याच नद्यांवरून जाते की. जाते. पण रात्रीच्या गाडीत, वरच्या बर्थवर, अंधारात पुलाचा धडधडाट ऐकून ही काजळी की मुचकुंदी हे कुणी सांगायचं? गणपती सोडून एरवी एकदा दिवसाच्या गाडीने नेलं होतं. एसी डबा, काच बंद. आई रत्नागिरीपर्यंत रुमाल मुठीत धरून बसल्या आणि मग झोपल्या. घरी पोचल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. तांब्याचं नाणं पाणी शुद्ध करायचं म्हणून ही चाल पडली असं कुणी कुणी सांगतात. आताचा रुपया स्टीलचा. हे मी एकदा बोलून पाहिलंय. पुन्हा बोलणार नाही. खरी पंचाईत वेगळीच आहे, ती म्हणजे फोनवरून पैसे द्यायला लागल्यापासून घरात नाणीच येत नाहीत. मेपासून आई भाजीवाल्याकडे सुट्यांसाठी हट्ट धरून बसतात.

प्रवास सुखाचा असतो असं मात्र समजू नका. रात्री दोनला निघालं की रस्ता मोकळा मिळतो, हे गुपित डोंबिवलीपासून विरारपर्यंत प्रत्येक चाकरमान्याला माहीत आहे. त्यामुळे पळस्पे फाट्याला रात्री तीनला जत्रा असते. निघण्याआधी बिल्डिंगखाली बोनेटवर नारळ ठेवून बाबा गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज गावाक येवक निघाली आसत, वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!" आणि आम्ही झोपेतल्या आवाजात, "व्हय म्हाराजा!" वॉचमन बिहारचा आहे, तोही आता "व्हय म्हाराजा" म्हणतो.

इडापिडा बहुतेक माणगावला भेटते. बाबा या रस्त्याला अजून "सतरा नंबर" म्हणतात. त्याचा 66 नंबर होऊनही बरीच वर्षं झाली. चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं, तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आता मुलगी सातवीत आहे आणि माणगावच्या बाजारातून गाड्या अजून एकामागे एक सरकतात. गेल्या वर्षी नवऱ्याने नकाशाचं ऐकलं. कोलाडहून डावीकडे, विळे, निजामपूर. सुरुवातीला भाताची खाचरं, रिकामा रस्ता, नवऱ्याचा चेहरा लढाई जिंकल्यासारखा. मग समोर बैलगाडीइतक्या वेगाने जाणारी रांग लागली, कारण नकाशा काही एकट्या आमच्याच फोनमध्ये नव्हता. दीड तासाने माणगावला हमरस्त्याला लागलो तर पुढे तोच निळा टेम्पो, ज्याच्या मागे पेणच्या गणेशमूर्ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या आणि ज्याला आम्ही कोलाडला हात करून मागे टाकलं होतं. टेम्पोतल्या पोराने आम्हाला हात केला.

एवढ्यात गावाहून काकांचा फोन. "खंयसर इलास?" नवरा म्हणाला, "महाडाक." मुंबई-गोवा रस्त्यावर फोनवर प्रत्येक जण एक गाव पुढे असतो. काकाही तेवढं वजा करूनच जेवणाचं आधण ठेवतात.

आमचा सगळ्यात जलद प्रवास साडेदहा तासांचा, सगळ्यात लांबलेला एकवीस तासांचा. त्या एकवीस तासांत लोणेऱ्याजवळ टायर पंक्चर, धाकट्याला दर अर्ध्या तासाने शू आणि नवराबायकोचं असं भांडण, की बाबांनी मधेच उतरून पावसात चहा पिणं पसंत केलं. भांडण कशावरून होतं म्हणाल तर गाडी कुणी चालवायची यावरून. घाट मी चालवते. गाडी लागण्यावर मला सापडलेला उपाय तोच, चाक आपल्या हातात घ्यायचं. आता कशेडीला जोड बोगदे झालेत, दोन किलोमीटरच्या आसपासचे. घाटाला लागायचा तो वेळ वाचतो. धाकट्याला कशेडीत कुणाला उलटी व्हायची हे खरंच वाटत नाही. आईंना बोगदा आवडत नाही. "आत गेलो की खंय आसांव काय समाजत नाय."

परतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मागे तवशी, भोपळा, नारळ, कुळथाचं पीठ, उकड्या तांदळाची पिशवी, आणि त्या सगळ्यावर झोपलेली मुलं. परतताना आई नाणी टाकत नाहीत. जाताना दिलंय तेवढं पुरे.

गेल्या वर्षी कसालला पोचायला रात्रीचे नऊ वाजले. इथून उजवीकडे वळलं की मालवणचा रस्ता, म्हणजे नद्या संपल्या. आईंनी रुमाल झटकायला घेतला आणि त्यांच्या हातात एक रुपया पडला. गाडीत एकदम शांतता. सोळा मोजून घेतले होते, मीच मोजले होते. नवरा म्हणाला, आडवाटेने गेलो त्यात काळ नदी चुकली असेल. बाबा म्हणाले, छे, ती माणगावला मी स्वतः बघितली. मग मुलीने मोबाइलचा उजेड पाडून वही उघडली. हल्ली ती नद्यांची यादी करून पुढे बरोबरची खूण करते. मुचकुंदीपुढे खूण नव्हती.

"आजी, वाकेडला तू झोपली होतीस."

"मी? मी खंय निजलंय? नुसते डोळे मिटललंय."

कुणी काही बोललं नाही. काकांचा फोन वाजत होता. आईंनी रुपया पुन्हा गाठीत बांधला आणि जरा वेळाने, कुणाकडेच न बघता विचारलं, "वाकेड हयसून किती लांब आसा रे?"

नवऱ्याने फोन उचलला. "पावलांवच काका, कट्ट्यात आसांव," म्हणाला आणि घाईघाईने उजवीकडे वळला.