पगार वाढला की समाधान वाढतं का?

पैशाने सुख मिळत नाही असं सर्रास म्हणतात, पण ज्याचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही त्याला हे ऐकवणं मला क्रूर वाटतं. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या डेटावरून सांगितलं की वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरनंतर रोजचा आनंद फारसा वाढत नाही, आयुष्याबद्दलचं समाधान मात्र वाढत राहतं, आणि मग २०२३ ला कानमन यांनीच किलिंग्सवर्थ, मेलर्स या संशोधकांसोबत पुन्हा तपासलं तर बहुतेकांचा आनंदही पुढे वाढतच होता, फक्त सगळ्यात दुःखी लोकांचा एका टप्प्यावर थांबला. पटतं हे, कर्जाचं टेन्शन पैशाने जातं, डिप्रेशन नाही जात. पण सक्सेस म्हणजे पॅकेज हे मला मान्यच नाही, मनासारखं काम करणारा कमी पगारातला माणूसही यशस्वीच की!