खडू तुमचा, बॉल सगळ्यांचा

पूल पार्लरमध्ये स्वतःचा खडू घेऊन येणारा एक तरी माणूस असतोच. स्वतःचा क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, आणणारे आता पुष्कळ झाले, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण खिशातून लोहचुंबकाची डबी काढून ती टक् करून कमरेच्या पट्ट्याला लावणारा, आणि मग तासभर पार्लरच्या खडूकडे ढुंकूनही न बघणारा, तो वेगळा. माझ्या ओळखीत असा एक आहे. आमच्याच कॉलेजचा, आता एका बँकेत वसुली बघतो. पावसाळ्यात खडू दमट होऊ नये म्हणून तो डबीबरोबर सिलिका जेलची पुडी ठेवतो, नव्या बुटांच्या खोक्यात येते तसली. खडूसुद्धा बराचसा सिलिकाचाच असतो, म्हणजे सिलिकानं सिलिकाची राखण. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "तू तुझ्या खड्ड्यात क्यू फिरव."

खड्डा म्हणजे पार्लरचा खडू. निळा चौकोनी ठोकळा, चारही बाजूंना कागद, आणि वरच्या तोंडाला एवढी खोल गुहा की क्यूचं टोक आत गेलं की दिसेनासंच होतं. ही गुहा एका माणसाचं काम नसतं. येणारा प्रत्येक जण तीत टिप, म्हणजे क्यूच्या टोकावरचं कातडं, घालतो आणि ताक घुसळावं तसा क्यू गरागरा फिरवतो. फिरवताना नजर टेबलावर, कपाळाला आठी, जणू पुढचे चार शॉट डोक्यात मांडून झालेत. मग वाकतो आणि समोरचा बॉलही चुकवतो. चुकल्यावर आधी टिपकडे बघतो, मग खडूकडे, आणि पाळी दुसऱ्याची असताना पुन्हा खडू लावत उभा राहतो. चूक झाल्यावर खडू लावण्याची ही सवय मी इतक्या लोकांत पाहिली आहे की खेळाच्या नियमातच असावी असं वाटतं.

गुहेत घुसळण्याचा उपयोग मात्र होत नाही. टिपच्या खालची पांढरी बांगडी, फेरूल, ती निळीशार होते आणि टिपवर जागोजाग टक्कल राहतं. पुण्यातल्या एका जुन्या क्लबात एक वयस्क मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, टेबलाला ब्रश मारणारा, बॉल मांडणारा, आणि मेंबर लोक घरी गेले की त्यांच्यापेक्षा फार सरस खेळणारा माणूस. ते खडू टिपवरून हलकेच ओढायचे, क्यू जरासा वळवायचे, पुन्हा ओढायचे आणि टोक डोळ्यांसमोर धरून बघायचे. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. एखाद्या मेंबरनं खडू चांगला नाही म्हणून कुरकुर केली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "साहेब, टिप बघा आधी." बहुतेक वेळा टिप मारून मारून चपटी आणि चकचकीत झालेली असायची. अशा टिपवर जगातला कुठलाच खडू बसत नाही. मग खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून ते तिला दोन हात मारायचे, गोलाई आणायचे, आणि तोच मघाचा वाईट खडू लावून क्यू परत द्यायचे. मेंबर खूश.

खडूचं काम मुळात फार थोडा वेळ चालतं. टिप आणि बॉल एकमेकांना टेकतात तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा, थोडा इकडे तिकडे. टिप कातड्याची, बॉल फेनॉलिक रेझिनचा, अतिशय गुळगुळीत. तेवढ्या वेळात टिप बॉलवरून सरकू नये, एवढीच खडूकडून अपेक्षा. बरोबर मध्यावर मारलं तर त्याची गरजही पडत नाही, कोऱ्या टिपनंही व्हाइट, म्हणजे क्यूनं मारायचा पांढरा बॉल, सरळ जातो. गरज पडते ती मध्य सोडून मारताना. खाली मारून व्हाइट मागे आणायचा असेल, म्हणजे स्क्रू, किंवा कडेला मारून बॉलला आडवी गिरकी, म्हणजे साइड, द्यायची असेल तेव्हा. पूलचा बॉल सव्वादोन इंची, साधारण 57 मिलिमीटरचा. टिपला खडू नीट असेल तर मध्यापासून सुमारे अर्ध्या त्रिज्येपर्यंत, म्हणजे 14 मिलिमीटरपर्यंत बाजूला मारता येतं. त्यापलीकडे गेलं की टिप निसटते, तो पोकळ 'टिक्' आवाज येतो आणि शेजारच्या टेबलावरचे लोकही वळून बघतात. मिसक्यू. खडू नसेल तर हेच मध्याच्या कितीतरी जवळ घडतं.

आता आमच्यासारखे शनिवारचे खेळाडू त्या 14 मिलिमीटरच्या आसपास मुद्दाम किती वेळा जातात? जवळजवळ नाहीच. जातात ते चुकून. मनात मध्य असतो, हात भलतीकडे. आम्हाला खडू हवा असतो तो स्पिन काढण्यापेक्षा स्वतःच्या हातापासून वाचण्यासाठी. तेवढं काम पार्लरचा स्वस्तातला ठोकळाही करतो, गुहेच्या कडेनं नीट लावून घेतला तर.

चांगल्या खडूच्या नावावर पैसे काढण्याची कला फार जुनी आहे. पूर्वी क्यूचं टोक नुसतं लाकडाचं असे आणि लोक ते भिंतीच्या नाहीतर छताच्या चुन्यात फिरवून घेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिंगो नावाच्या फ्रेंच कॅप्टननं त्याला कातडं लावलं. हे त्यानं तुरुंगात बसून केलं अशी कथा आहे. त्याच सुमाराला इंग्लंडमधल्या बाथ शहरात जॅक कार नावाचा एक मार्कर होता. मार्करच होता, हे मला फार आवडतं. त्याला साइड मारता येत होती आणि बाकीच्यांना ती काय भानगड आहे तेच ठाऊक नव्हतं. बॉल असा वळतो कसा, म्हणून लोक चक्रावले की तो श्रेय आपल्या खास पुडीला द्यायचा. छोट्या डब्यांत भरून ती पूड त्यानं अर्ध्या क्राउनला, म्हणजे अडीच शिलिंगला एक, अशी विकली असं सांगतात. डबीत साधा खडू होता. घेणाऱ्यांनी घरी जाऊन तो टिपला चोळला असेल, बॉल सरळच गेला असेल, आणि आपण कमी चोळला असं त्यांना वाटलं असेल.

खडूनं खरोखर फरक पडला तो पुढे, 1897 मध्ये. शिकागोचा विल्यम स्पिंक्स हा पॉकेट, म्हणजे बॉल पाडायची भोकं, नसलेल्या टेबलावरच्या बिलियर्ड्सचा व्यावसायिक खेळाडू. फ्रान्समधला एक खडू त्याला विलक्षण आवडला होता. विल्यम हॉस्किन्स या रसायनतज्ज्ञाकडून त्यानं तो तपासून घेतला, तर आत खडू नव्हताच; सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीजवळची राख होती. मग दोघांनी बरीच खटपट करून सिलिका आणि कुरुंदाची पूड एकत्र आणली, ठोकळा बनवला आणि त्या वर्षी मार्चमध्ये पेटंट घेतलं. आज टेबलांच्या कडेवर पडलेले निळे ठोकळे त्याच घराण्यातले. हाच हॉस्किन्स नंतर नायक्रोमच्या तारेच्या शोधातही सामील होता. टोस्टरमध्ये लाल होते ती तार. सकाळचा टोस्ट आणि संध्याकाळचा स्क्रू, दोन्हीसाठी एकाच गृहस्थाचे आभार मानायचे.

तेव्हा खडूच्या दर्जानं फरक पडतो का, या प्रश्नाचं उत्तर स्पिंक्सनं देऊन टाकलं आहे. चुनखडीवरून या ठोकळ्यावर येणं ही खरी उडी होती. माझा आणि बँकवाल्याचा वाद त्याच्या पुढचा आहे. चांगल्या खडूवरून महागड्या खडूवर गेल्यानं काय मिळतं?

शिकागोच्याच ट्वीटन कंपनीचा 'मास्टर' वर्षानुवर्षं चालत आला. मग जपानचा कामुई आला, फिनलंडचा ताओम आला, इटलीहून ब्लू डायमंड आला. मास्टरचं डझनाचं खोकं ज्या पैशांत येतं त्याहून जास्त पैसे कामुईच्या एका ठोकळ्याला पडतात. बँकवाला म्हणतो, फरक हाताला कळतो. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोरे आहेत, पूलवाले त्यांना 'डॉ. डेव्ह' म्हणतात. त्यांनी निरनिराळे खडू लावून मोजमाप केलं. महागड्या खडूवाल्यांना न रुचणारी गोष्ट त्यातून निघाली, की खडू टिपवर नीट बसलेला असेल तर ब्रँड बदलल्यानं स्पिनमध्ये सांगण्यासारखा फरक पडत नाही. मी हे ऐकवलं तेव्हा बँकवाला क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "ते अमेरिकेत. इथे दमट हवा आहे."

पण तो अगदीच भ्रमात आहे असंही नाही. स्वस्त खडू झडतो. कापडावर निळे ठिपके, अंगठ्याच्या बेचक्यात निळं, खिशाच्या तोंडाशी निळं. कॉलेजात असताना आमच्या घरी एवढा पुरावा पुरायचा. लायब्ररीत निळं काय असतं रे, असं आई भाजी निवडता निवडता विचारायची. त्यात काही लोक खडू टेबलाच्या कडेवर उपडा ठेवतात. त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर भाषा बिघडेल.

कपड्यांचं एक वेळ धुतल्यानं भागतं. बॉलचं तसं नाही. प्रत्येक शॉटला टिपवरचा थोडा खडू व्हाइटला लागतो. तो ठिपका घरंगळत घरंगळत नेमका दुसऱ्या बॉलला भिडण्याच्या जागी आला, तर दोन बॉल निसटते भिडायचे ते क्षणभर चिकटल्यासारखे होतात. समोरचा बॉल ठरलेल्या रेषेतून ओढला जातो, कधी व्हाइट किंचित उडतो, आणि डोळे मिटून आत जावा असा बॉल पॉकेटच्या तोंडाशी आपटून बाहेर येतो. स्नूकरवाले याला 'किक' म्हणतात. मोठ्या स्पर्धांत ती बसली की खेळाडू पंचांना बॉल पुसायला लावतात. ताओमचं स्नूकरमध्ये नाव झालं ते यामुळेच, की तो मागे खुणा कमी सोडतो. म्हणजे पैसे द्यायचे ते खडू न लागण्याचे: टिपला लागावा, बॉलला लागू नये. हे मला पटतं. या कारणासाठी कुणी महाग खडू घेत असेल तर मी त्याला हसणार नाही.

तरीही हिशोब जुळत नाही, कारण टेबलावर व्हाइट एकच असतो. बँकवाला आपला स्वच्छ फिनलंडी खडू लावून मारतो, व्हाइटवर जवळजवळ काही सोडत नाही, आणि बसतो. मग मी उठतो. पार्लरचा ठोकळा लावतो आणि त्याच व्हाइटवर माझा निळा ठिपका उमटवतो. पुढची किक बसते ती त्याला. एवढे पैसे घालून त्यानं घाण कमी केली ती फक्त त्याच्या वाट्याची, उरलेली माझ्याकडून फुकट. आणि आमच्याआधी त्या टेबलावर इंजिनिअरिंगची सहा पोरं दुपारभर घुसळत होती, ती वेगळीच. या न्यायानं पाहिलं तर त्यानं स्वतःपुरता खडू घेण्यात अर्थ नाही. मलाही एक घेऊन द्यायला हवा, निदान आमच्या गेमपुरता वापरायला. हे मी त्याच्यापुढे मांडलं. कर्जाचे हप्ते थकवून वर टॉपअप मागायला आलेल्या माणसाकडे तो कसा बघत असेल ते त्या दिवशी मला कळलं.

मीही हार मानली नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. 1964 मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पुन्हा मिळवलं. त्यांच्याकडे कुठला कामुई होता, कुठला ताओम? असल्या वादात थोरांना ओढणं बरं नव्हे, जोन्स यांनी विटकरीचा तुकडा लावूनही आम्हा दोघांना हरवलं असतं. पण वादात हे भान कुणाला राहतं. बँकवाला शांतपणे म्हणाला, "कामुई नव्हता. बॉल पुसायला माणूस होता."

यावर मला काही सुचलं नाही. आमच्या पार्लरचे बॉल शेवटचे कधी पुसले होते हे कुणालाच सांगता आलं नसतं. हातांचं तेल, खडू, वर्षानुवर्षांची धूळ; पिवळ्या बॉलवरचा एकचा आकडा आता अंदाजानंच वाचायचा. याच्यापुढे जपान, फिनलंड आणि गुहेतला ठोकळा सगळे सारखेच. मी आपला रुमाल ओला केला आणि गेम सुरू व्हायच्या आधी एकेक बॉल पुसायला घेतला. बँकवाल्यानं डबीवरचा हात काढला आणि तोही दुसऱ्या टोकाकडून पुसायला लागला. गल्ल्यावरच्या काकांनी मोबाइलमधून मान वर केली, आमच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पुसा पुसा, निवांत पुसा," म्हणाले. "टाइम चालूय तुमचा."