आखाजीचा फोन

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ताईचा फोन आला. "भाऊ, औंदा आखाजीले मी येत नही. पाव्हणासले सुट्टी नही." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं.

ते हायसं वाटणं तीन दिवस झाले, पाठ सोडत नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली, तिनं एक आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी येणं, चुकवली नाही. दीड महिन्याचं पोर पदराखाली घेऊन सुरतजवळच्या उधन्याहून पॅसेंजरनं आली होती. पाव्हण्यांच्या, तिच्या नवऱ्याच्या, सुट्टीसाठी ती कधीच थांबली नाही. तिला कळलंय. गेल्या महिन्यात गॅसच्या टाकीला तिच्याकडून हजार रुपये मागवले, तेव्हाच कळलं असणार.

बाबा सांगायचे, 72 च्या दुष्काळात रानात काम नव्हतं म्हणून खडी फोडायला गेलो. पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. त्यांच्या लेखी गरिबी म्हणजे हाताला काम नसणं. मला तर काम आहे! चटईच्या कारखान्यात बारा तास लूमवर उभा असतो, बोटांवर दोऱ्याचे चरे पडलेत. ठेकेदाराकडे खाडा झाला की हजेरी गेली. सगळे दिवस भरले तर चौदा हजार. आणि रेशनचं धान्य हवं तर शहरात वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. आमचं केशरी कार्ड पत्ता दाखवायच्या कामाचं. गहू दुकानातूनच. हिची कापूसवेचणी तर कधीच संपली.

पण हा सगळा हिशेब झाला. बहीण येणार नाही म्हणून भावाला बरं वाटावं? तिनं माझ्यासाठी खोटं बोलावं आणि मी ते खरं मानून घ्यावं? आई असती तर... जाऊ दे.

काल रात्री मीच फोन लावला. म्हटलं, साडी नाही जमणार, तुझे हजारही आता नाहीत. घागर भरू, वर डांगर ठेवू, एक दिवस रस करू. तू ये.

बराच वेळ ती काही बोलली नाही. बोलून टाकल्यावर मला मात्र मोकळं वाटत होतं, आणि या वेळी त्याची लाज वाटली नाही.

मग तिनं विचारलं, "झोका बांधशी का?"

घरमालकाचा लिंब आहे मागे, तो नाही म्हणणार नाही. दोर बघायला हवा, मागचा उंदरांनी कुरतडलाय.