चौदा वॉटांचा झेऑन

मे महिन्यातला गुरुवार होता. दुपारी अडीचच्या सुमारास चांदिवलीच्या डेटा सेंटरमधून इलेक्ट्रिशियन काकांचा फोन आला. "ताई, आज रात्री यूपीएसचं मेंटेनन्स आहे, बी फीड बंद करायचाय. पण तुमच्या दोन नंबरच्या रॅकला मी हात लावणार नाही. आत्ताच टॉंग टेस्टर लावून करंट मोजून आलोय, दोन्ही फीड मिळून तीस अँपिअरच्या वर आहे."

मी म्हटलं, काका, असं कसं होईल? महिन्याभरात आमचा वापर चाळीस टक्क्यांनी उतरलाय, माझ्याकडे रिपोर्ट आहे. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मग तुम्ही येऊनच बघा."

रॅक म्हणजे सर्व्हर मशीन रचून ठेवायचं कपाट. त्यातल्या प्रत्येक मशीनला दोन पॉवर सप्लाय असतात, एक ए फीडवर, दुसरा बी फीडवर, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या लाइनींवर. एरवी भार निम्मा-निम्मा वाटला जातो. एक फीड गेला की सगळा दुसऱ्यावर येतो. आमच्या फीडला ३२ अँपिअरची एमसीबी आहे आणि काका २५ च्या वर जाऊ देत नाहीत, कारण पॅनेल तापलेलं असलं तर एमसीबी ३२ च्या आधीही पडते. तीसच्या वर भार असताना बी बंद केला असता आणि ए पडला असता, तर चौदा मशीन एका क्षणात अंधारात.

मी अंधेरीहून मेट्रोने साकीनाक्याला आणि तिथून रिक्षाने चांदिवलीला पोचेपर्यंत सव्वाचार झाले. वाटेत मनात उत्तर तयार करत होते, आणि ते उत्तर बरोबर होतं. आजही मला टोचतं ते हेच.

माझं काम असं आहे की आमच्या कंपनीच्या लिनक्स कर्नेलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली, वीज-व्यवस्थापनाची टूल्स मी सांभाळते. प्रोसेसरचा वेग कसा ठरायचा ते बदलणारं सीपीयूपॉवर २०११ पासून कर्नेलच्या सोर्समध्येच आहे, टूल्सच्या पॉवर फोल्डरमध्ये. त्याच्या शेजारी टर्बोस्टॅट, ते प्रोसेसरचा वेग आणि वीज मोजून दाखवतं. नवीन कर्नेल आला की ही दोन्ही आमच्या मशीनसाठी नीट बिल्ड करायची, मोडलं असेल तर दुरुस्त करायचं, दुरुस्ती सगळ्यांच्या उपयोगाची असेल तर पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मूळ कर्नेलकडे पाठवायचा. याशिवाय एक छोटं टूल मी स्वतः लिहिलंय. ते प्रत्येक प्रोसेसरने किती ऊर्जा खाल्ली ते वाचून रॅकचा रिपोर्ट बनवतं. त्याचा सोर्स खुला आहे, बाहेरचे लोकही वापरतात. किती आणि कुठे, हे मला कळायला मार्ग नाही.

ऊर्जा मोजायची सोय इंटेलच्या प्रोसेसरमध्येच आहे, तिला रॅपल म्हणतात. प्रोसेसर आतल्या आत एक काउंटर पुढे ढकलत राहतो आणि कर्नेल तो मायक्रोज्यूलमध्ये दाखवतो. दोन वेळा वाचा, वजाबाकी करा, मधल्या सेकंदांनी भागा, वॉट मिळाले. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लॅटिपस नावाचा हल्ला जाहीर झाला. हा काउंटर बारकाईने वाचत राहिलं तर प्रोसेसरमधल्या गुप्त चाव्यांचा माग लागू शकतो, असं त्यात दिसलं. तेव्हापासून तो फक्त रूटलाच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यालाच, वाचता येतो. म्हणून माझं टूल रूटच्या टायमरवर चालतं.

आधी ते दर दहा सेकंदांनी वाचायचं. टीममधला सीनियर म्हणाला, वीज वाचवायच्या टूलनेच सीपीयूला सारखं झोपेतून उठवायचं का? मला ते लागलं. रिकामा कोअर सी-६ सारख्या खोल झोपेत जाण्यातच खरी बचत असते, हे मी नव्या मुलांना शिकवते. मग मी टायमर अर्ध्या तासावर नेला. पॅचला दहा मिनिटांत 'रिव्ह्यूड-बाय', म्हणजे तपासणाऱ्याची पसंती, मिळालं. पुढे हिशोब केला तर दहा सेकंदांतून एकदा उठल्याने मोजण्याइतकाही फरक पडत नाही. पण सीनियरचं वाक्य पटण्यासारखं होतं, आणि पटणाऱ्या वाक्यावर आमच्याकडे कोणी गणित मागत नाही.

एप्रिलमध्ये वरून टूम निघाली की सगळ्या मशीनवर गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारं धोरण, 'परफॉर्मन्स' करून बघू. आमच्या मशीनवर इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरखाली दोनच गव्हर्नर दिसतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. या दुसऱ्या नावाने किती गोंधळ घातलाय ते काय सांगू! या ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे मशीन सगळ्यात हळू चालवणं नव्हे. काम आलं की तो वेग वाढवतो, काम संपलं की उतरवतो. जुन्या ड्रायव्हरमध्ये याच नावाचा अर्थ खरोखर किमान वेग असा होता. आमच्या मीटिंगमध्ये पंधरापैकी तेरा जणांच्या डोक्यात तोच जुना अर्थ, आणि मी तीनदा समजावूनही तोच राहिला.

दोन रॅकवर प्रयोग झाला. माझ्या रिपोर्टमध्ये एका प्रोसेसरची दिवसभराची सरासरी ११५ वॉटवरून ६९ वर आली. मॅनेजरनी तो आलेख मोठ्या मीटिंगमध्ये लावला, चाळीस टक्के बचत. जोर लावून पळवल्यावर खर्च कमी कसा होईल, हा प्रश्न एकाने विचारला. त्यालाही उत्तर तयार होतं: पटकन काम उरकायचं आणि लवकर झोपायचं. हे तत्त्व खोटं नाही, काही कामांना ते खरंच लागू पडतं. प्रश्न विचारणारा खाली बसला. मीही गप्प बसले. आकडा माझ्या टूलचा होता आणि तो चांगला होता. पुढच्या सोमवारी उरलेल्या सगळ्या रॅकवर हाच बदल जायचा होता.

काका पॅनेलजवळ उभे होते. साठीकडे झुकलेले, कंत्राटावर, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी मनात घोळवलेलं उत्तर दिलं. काका, माझं टूल फक्त प्रोसेसर मोजतं, तुमचा टेस्टर अख्खी मशीन. पंख्यांचा खर्च आहे, पॉवर सप्लायमधली गळती आहे, डिस्क आहेत. उन्हाळ्यात पंखे जोरात फिरतात, आणि पंख्याचा वेग वाढला की वीज घनाच्या पटीत वाढते. तुमचा आणि माझा आकडा जुळणारच नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग पॅनेलमधली एकच फेजची वायर वेगळी काढून टेस्टरच्या जबड्यात धरली. (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरले तर टेस्टर शून्य दाखवतो, हे मला त्या दिवशी त्यांनी शिकवलं.) ए वर १४.८, बी वर १५.९. म्हणाले, "जुळत नाही ते ठीक आहे ताई. पण माझा वर जातोय आणि तुमचा खाली, असं कसं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी वही काढली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, पानावर रेघा मारून तीन फेजचे आर-वाय-बी असे रकाने आणि दर तासाची नोंद. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा काका इथेच ड्युटीवर होते. त्या दिवसापासून, स्क्रीनवर सगळं दिसत असलं तरी, ते हाताने लिहून ठेवतात. आमच्या रॅकसमोर मार्चच्या दुपारी २३ च्या आसपासचे आकडे होते. एप्रिलचा दुसरा आठवडा, म्हणजे आम्ही गव्हर्नर बदलला तो आठवडा, आणि तिथून २६, २८, २९. निळ्या बॉलपेनने, एकाच अक्षरात, एकही तास न चुकवता.

मी तिथेच कोल्ड आयलमध्ये, म्हणजे रॅकांमधल्या थंड हवेच्या वाटेत, फरशीवर बसले आणि लॅपटॉप उघडला. रिपोर्ट नको, रिपोर्टच्या खालचे कच्चे आकडे. दुपारी दोन ते अडीच, मशीन सात, प्रोसेसर शून्य: १४ वॉट.

मी ती ओळ परत वाचली. १४ वॉटांत घरातला एलईडी दिवा लागतो. त्या वेळी त्या प्रोसेसरवर व्हिडिओचं काम चालू होतं, क्रिकेटच्या मोसमामुळे भारही वाढलेला होता. असा झेऑन, म्हणजे इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर, एवढ्या भाराखाली १४ वॉटांवर चालूच शकत नाही. महिनाभर ही ओळ माझ्या फाइलमध्ये पडून होती आणि मी फक्त सरासरी बघत होते.

मग सगळं धडाधड कळलं. हा काउंटर ३२ बिटांचा आहे. भरला की शून्यावर येतो. परळच्या आमच्या चाळीत जिन्याखाली बेस्टचे जुने चाकांचे मीटर होते, त्यात ९९९९९ नंतर ००००० यायचे, तसंच. आमच्या मशीनवर तो २,६२,१४३ ज्यूलला उलटतो. एकदा उलटला तर माझं टूल ओळखायचं, वजाबाकी ऋण आली की पूर्ण फेरा मिळवायचं. पण उलटून आधीच्या वाचनाच्याही पुढे गेला तर ऋण येतच नाही, एक अख्खा फेरा गिळला जातो. २,६२,१४३ भागिले १,८०० सेकंद म्हणजे एकशे साडेपंचेचाळीसच्या किंचित वर. अर्ध्या तासाची सरासरी एवढ्या वॉटच्या आत असेल तर माझा आकडा बरोबर. त्याच्या वर गेली की बरोबर तेवढेच वॉट गायब. १६० वॉट असतील तर १४ दिसणार. २०० असतील तर ५४.

पॉवरसेव्हवर आमचे प्रोसेसर दिवसा सरासरी १४० वर असायचे, म्हणजे काठावर पण आत. परफॉर्मन्स लावला, भार वाढला, ते १८४ वर गेले आणि रिपोर्टमध्ये ३८ झाले. रात्रीचे आकडे खरे, दिवसाचे खोटे, दोन्हींची सरासरी दिसायला व्यवस्थित. चाळीस टक्के बचत नव्हती, दिवस-रात्र मिळून तेवीस टक्के वाढ होती.

ही गोष्ट मला माहीत नव्हती असंही नाही. टर्बोस्टॅट काउंटर उलटणं धरूनच हिशोब करतो, आणि त्याचं नेहमीचं अंतर पाच सेकंदांचं आहे. कर्नेलमधल्या पर्फ या मोजमापाच्या टूलच्या रॅपल कोडमध्ये २०० वॉट गृहीत धरून टायमर लावलेला आहे. काउंटर भरायच्या आधी तो स्वतःच उठून वाचून घेतो, आणि तसं लिहिलेली कॉमेंट मी वाचलेली आहे. एक फेरा किती ज्यूलचा हे कर्नेल वेगळ्या फाइलमध्ये सांगतो, आणि ती फाइल माझंच टूल वाचत होतं. दहा सेकंदांचे अठराशे केले तेव्हा तो आकडा समोर होता, मी भागाकार केला नाही. रिव्ह्यू करणाऱ्यानेही केला नाही.

काकांना म्हटलं, पाच मिनिटं द्या. सीपीयूपॉवरने चौदाही मशीनवर गव्हर्नर परत पॉवरसेव्ह केला. काका टेस्टर धरून उभे. ३०.७ वरून २९ झाले, मग २७.८. पंखे उतरायला वेळ लागतो, त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. बारा मिनिटांनी दोन्ही मिळून २६.१. "रात्री एकला अजून उतरेल," काका म्हणाले. मी थांबले. एक वाजता बी बंद झाला तेव्हा ए वर २१.३ होते. पहाटे पाचला मेंटेनन्स संपलं. एकही मशीन पडलं नाही.

सोमवारचा बदल रद्द झाला. मीटिंगमध्ये मी तो आलेख परत लावला, शेजारी काकांच्या वहीच्या पानाचा फोटो. मॅनेजरनी विचारलं, हे बाहेरच्या क्लायंटना कळवायची गरज आहे का? मी म्हटलं, टूल खुलं आहे, दुरुस्तीसोबत कळणारच. आजपर्यंत किती जणांनी माझ्या आकड्यावर काय काय ठरवलं असेल, हा विचार मला रात्री झोपू देत नाही.

पॅच छोटा आहे. वाचनाचं अंतर आता काउंटरच्या फेऱ्यावरून आणि प्रोसेसरच्या कमाल वॉटवरून ठरतं, आणि त्याच्याही निम्मं ठेवलंय. टायमर उशिरा उठला आणि मध्ये फेरा पूर्ण झाला असण्याची शक्यता असली, तर टूल आकडा छापत नाही, ती जागा रिकामी सोडतं. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या नोंदीत, मी सगळं लिहिलं, १४ वॉटची ओळसुद्धा.

बग ज्याने दाखवला त्याचं नाव 'रिपोर्टेड-बाय' म्हणून लिहायचं अशी कर्नेलची पद्धत आहे, आणि खाजगीत सांगितलेलं असेल तर आधी विचारायचं. शनिवारी मी काकांना फोन केला. काय असतं ते समजावलं, नाव कायम राहतं, जगभर दिसतं म्हणून सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत.

मग म्हणाले, "म्हणजे माझ्या नावापुढे कंपनीची चूक लिहिलेली राहणार ना? नको ताई. मी कंत्राटावर आहे, पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे."

मी तसं नसतं हे सांगायचा प्रयत्न केला. ते "नको" एवढंच म्हणाले. ती ओळ मी काढली आणि पॅच पाठवला.