वस्तीची गाडी साडेसहाला सुटते

दापोलीच्या स्टँडवरून आमच्या दुकानातल्या चार मुलींची वस्तीची गाडी, म्हणजे गावात रात्री मुक्कामाला जाणारी एसटी, संध्याकाळी साडेसहाला सुटते. ती चुकली की खाडीकडच्या त्यांच्या गावी जायला सकाळपर्यंत दुसरी गाडी नाही, आणि रिक्षा केली तर दिवसाचा पगार भाड्यातच जातो. आमच्या कापडदुकानात खरी गर्दी मात्र सहा ते आठ या वेळात असते. ऑफिसं सुटतात, कृषी विद्यापीठातली माणसं बाजारात उतरतात, शनिवार-रविवारी समुद्रावरून परतणारे पर्यटक डोकावून जातात. दुकान चालवायचं म्हणजे काय, ते मला या दोन वेळांचा मेळ घालतानाच हळूहळू कळत गेलं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९८१ साली बाजारपेठेतल्या एका लहान गाळ्यात हे दुकान टाकलं. पांढऱ्या चादरीची गादी, भिंतीला तक्के, मागे रचलेले ताके. गिऱ्हाईक गादीवर बसायचं, समोर आमचा माणूसही मांडी घालून बसायचा आणि साडी उलगडून दाखवायचा. मी २००४ साली लग्न होऊन आले तेव्हा कामाला पाच माणसं होती. २००९ मध्ये शेजारचा गाळा घेतला, काचेचे काउंटर केले, तयार कपडे ठेवायला लागलो, माणसं नऊ झाली. नवं दुकान सगळ्यांना आवडलं. गादी उचलली तेव्हा कामाच्या माणसांची बसायची जागाही गेली, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही. वर मी नियम केला की गिऱ्हाईक असो वा नसो, काउंटरमागे उभं राहायचं. मुंबईच्या मोठ्या दुकानांत तसं बघून आले होते, आणि तेच शिस्तीचं वाटलं होतं.

त्या नियमाने काय केलं ते मला २०१३ च्या दिवाळीत दिसलं. आमच्या सगळ्यांत जुन्या मावशी १९९७ पासून साड्यांवर होत्या. दुपारी मी गोदामात गेले तर त्या परकरांच्या गठ्ठ्यावर बसलेल्या, पाय समोरच्या खोक्यावर. पोटरीच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या. मला बघताच घाईने उठायला लागल्या. "पाय जरा वर घेतले होते वहिनी, आत्ता उठते." आईच्या वयाची बाई माझ्या दुकानात लपून बसत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या आठवड्यात सुताराकडून सहा उंच स्टुलं करून घेतली, पाय टेकायला खाली दांडी असलेली. समोर गिऱ्हाईक नसेल तर बसायचं, आणि काउंटरमागच्या ताईंनी उठायला थोडा वेळ घेतला तरी मी डोळे वटारायचे नाहीत, असं ठरलं. पुढे २०१८ मध्ये केरळने दुकानांतल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्याने दिला आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने. कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायका त्यासाठी कितीतरी वर्षं झगडत होत्या. हे वाचलं तेव्हा मावशींचं ते "आत्ता उठते" पुन्हा कानात घुमलं.

स्टुलांबरोबर आणखी एक गोष्ट उघडी पडली, आणि ती लिहिताना आजही शरम वाटते. आमच्याकडच्या बायका दिवसभर पाणी पीत नव्हत्या. दुकानात संडास-बाथरूमची सोय नव्हती. आमचं घर वरच्याच मजल्यावर, त्यामुळे मला ती अडचण कधी जाणवलीच नाही. वर यायला त्या संकोचायच्या. २०१४ च्या मे महिन्यात गोदामाची मागची बाजू तोडून बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं. दुकानात केलेल्या सगळ्या सुधारणांत मला त्याचं मोल सर्वांत जास्त वाटतं.

आमच्या बाजारात एक वाक्य रोज ऐकू येतं, "मुलं टिकत नाहीत हो, मुंबईला पळतात." मीही ते म्हणायचे. एका पावसाळ्यात जुनी हजेरी वही काढली आणि सोडून गेलेल्यांची नावं खाली मांडली. मुंबईला गेलेले होतेच. पण जवळपास तितक्याच जणांनी काम सोडलं होतं ते गणपतीनंतरच्या महिन्यात, आणि ते गावातच होते. कुणी शेतावर, कुणी दुसऱ्या दुकानात.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. कोकणात कापडाचा सगळ्यांत मोठा धंदा चतुर्थीच्या आधीच्या दोन आठवड्यांत होतो. चाकरमानी खेडला उतरून गावोगाव पोचतात, घराघरांत खरेदी निघते, गौरीला साडी, नव्या सुनेच्या ओवशाला, म्हणजे गौरीला सूप वाहायच्या विधीला, साडी, पोरांना कपडे. त्याच दिवसांत माझ्या माणसांना घर सारवायचं असतं, गणपतीवरची माटवी बांधायची असते, भावाला स्टँडवरून आणायचं असतं. अण्णांच्या वेळचा शिरस्ता असा की चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत कुणाला सुट्टी नाही. एका वर्षी नऊ जणांतले चौघे सरळ आलेच नाहीत. मी चिडून त्यांचा पगार कापला. दोघांनी काम सोडलं. चूक माझी होती.

तेव्हापासून आषाढात, पाऊस धो धो कोसळत असतो आणि दुकानात माशी नसते तेव्हा, आम्ही सगळे कॅलेंडर घेऊन बसतो. कुणाचा गणपती दीड दिवसांचा, कुणाचा पाच, कुणाचा गौरीबरोबर जातो, कुणाच्या लेकीचा यंदा पहिला ओवसा. दीड दिवसवाला तिसऱ्या दिवशी परत येतो आणि पाच दिवसवाल्याची जागा घेतो. आमच्याकडे दोन मुस्लिम मुलं आहेत. चतुर्थीच्या तोंडावर ती दोघं दुकान उघडण्या-बंद करण्याची जबाबदारी घेतात, रमजानमध्ये ती इफ्तारच्या आधी घरी जातात आणि ईदला त्यांचा काउंटर बाकीचे सांभाळतात. १४ एप्रिलला कुणाला सुट्टी हवी हेही आधीच मांडलेलं असतं. डॉ. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात, तिकडच्या एका ताईंना त्या दिवशी गावी असायचंच असतं.

सगळ्यांत कठीण शिमगा. शहरातल्या माणसाला वाटतं होळीची सुट्टी दिली की झालं. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी वाडीवाडीतून, घराघरांतून फिरते आणि तिचा दिवस प्रत्येक गावाचा वेगळा. पालखी अंगणात यायची आणि घरची लेक कापड मोजत बसायची, असं कसं चालेल? म्हणून शिमग्याची सुट्टी आम्ही गावागणिक देतो, तारखेवर देत नाही. हे सुरू झाल्यापासून गणपतीनंतर काम सोडणं जवळजवळ थांबलं आहे.

माणसं दहा झाली तेव्हा एका जाणत्या माणसाने सल्ला दिला, "वहीत नऊच दाखवा, दहावा रोजंदारीवर ठेवा." वर्षभर आम्ही तसंच केलं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला, तेव्हा मी तो वाचायला घेतला. त्यात तेव्हा असं होतं: दहा किंवा अधिक माणसं असतील तर दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, आठ किरकोळ रजा, आठ सणांच्या भरपगारी सुट्ट्या, वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवायची मुभा. वाचून झाल्यावर मनात आलं, यातलं कुठलं माझ्या माणसांना देऊ नये असं मला वाटतं? एकही नाही. पुढच्या महिन्यात वहीवर दहावं नाव चढलं. खर्च वाढला, खोटं सांगत नाही. पण रजेचा हिशेब लिहून ठेवल्यामुळे रजा मागणाऱ्याचा चेहरा बदलला. पूर्वी डोकेदुखी, आजारी सासू अशी कारणं यायची, आता सरळ "माझ्या सहा उरल्यात, दोन घेते" असं सांगतात.

विक्रीवर कमिशन द्यायचा प्रयोग मात्र साफ फसला. साड्यांवरच्या ताईंना महिन्याला चांगली रक्कम मिळायची. अस्तर, परकर, फॉल विकणारी मुलगी दिवसभर राबूनही रिकामी राहायची. गिऱ्हाईक दारात आलं की दोघी पुढे धावायच्या, घडी घालायला मात्र कुणी नाही. सहा महिन्यांत दुकानात अबोला शिरला. आता महिन्याच्या विक्रीचा ठरलेला हिस्सा बाजूला काढतो आणि हजेरीच्या दिवसांप्रमाणे सगळ्यांत वाटतो, गोदामातल्या दादांसकट. विक्रीचा आकडा दर महिन्याला सगळ्यांना सांगतो. अण्णांना आधी ते पसंत नव्हतं, गल्ल्याचा आकडा घराबाहेर जाऊ नये असं त्यांचं मत. आज तेच पहिल्या तारखेला विचारतात, "पोरांना आकडा सांगितलास का?"

एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही वाटचाल पुरी होणार नाही. २०१६ मध्ये एका रात्री गल्ल्यात चार हजार कमी भरले. बिलिंगला बसणाऱ्या मुलावर मी सगळ्यांसमोर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी उधारीच्या वहीत चूक सापडली, माझ्याच अक्षरातली. मी त्याच्या घरी गेले, त्याच्या आईसमोर माफी मागितली. तिने चहा दिला. तो मुलगा काही परत आला नाही. त्यानंतर गल्ला रोज दोघांनी मिळून मोजायचा, त्यातला एक घरचा, आणि फरक पडला तर वही पूर्ण तपासेपर्यंत कुणाला काही विचारायचं नाही, असा नियम केला. त्या मुलाच्या बाबतीत तो उशिरा झाला.

२०२० साल आमच्या सगळ्या पट्ट्याने भोगलं. मार्चअखेर दुकान बंद, एप्रिल-मेचा पगार आम्ही निम्माच देऊ शकलो. तेवढ्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दुकानाचे मागचे पत्रे उडाले, तीन रॅक भिजले. संध्याकाळी वारा उतरला तेव्हा आम्ही भिजलेला माल उचलत होतो. अण्णा म्हणाले, "कापड सुकेल. आपली माणसं कुठे आहेत ते बघ." फोन लागत नव्हते, रस्त्यांवर झाडं पडलेली. माझे यजमान आणि गोदामातले दादा दुसऱ्या दिवशी पायी निघाले. हर्णै, आंजर्ले, केळशी, जिकडे जावं तिकडे तेच: माड आणि पोफळी आडव्या, घरांवर कौल नाही. आमच्या अकरा माणसांपैकी सात जणांची छपरं गेली होती. दुकानातली ताडपत्री आणि गोदामातलं पॅकिंगचं प्लास्टिक गेलं, नंतर पत्रे मिळाले तसे आधी त्या सात घरांवर चढले. वीज यायला गावांत कितीतरी आठवडे लागले. दुकानाच्या मागच्या बाजूला पत्रा लागला तो सगळ्यांत शेवटी. निम्म्या पगाराची उरलेली रक्कम पुढच्या वर्षी हप्त्याहप्त्याने चुकती केली.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिलपर्यंत लांबला. वस्तीची गाडीच बंद. त्या चौघींसाठी आम्ही वडापची, म्हणजे शेअर प्रवाशांची, जीप महिन्याच्या बोलीवर ठरवली, भाडं दुकानाचं. त्या सहा महिन्यांत एक गोष्ट समजली: जीप आठला सुटायची, तरी मुली सातनंतर थकून चुका करायच्या, चुकीच्या मापाचं कापड फाडायच्या. म्हणून एसटी सुरू झाल्यावर पाळ्याच बदलल्या. गावाकडच्या मुली सकाळी नऊला येतात, माल लावतात आणि सव्वासहाला निघतात. शहरातली मुलं अकराला येऊन आठपर्यंत थांबतात. संध्याकाळच्या गर्दीत मी स्वतः साड्यांवर बसते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा त्या चौघी पेढे घेऊन आल्या होत्या.

खरेदीलाही आता मी एकटी जात नाही. वर्षातून दोनदा मुंबईला मंगलदास मार्केटला साड्यांवरच्या ताई बरोबर येतात. विकणारीला माहीत असतं की आमच्या गिऱ्हाइकाला काठ किती रुंद लागतो, कोणता हिरवा गौरीला चालतो आणि कोणता पडून राहतो. पहिल्या खेपेला त्यांनी मी निवडलेल्या तीस साड्या बाजूला काढल्या. मी ऐकलं नाही, त्यातल्या दहा घेतल्या. सात अजून कपाटात आहेत.

मावशी २०२३ मध्ये थांबल्या. २६ वर्षं झाली होती, शेवटचा पगार १३,००० रुपये. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेचा, हिशेब त्यांच्यासमोरच मांडला: १३,००० भागिले महिन्याचे कामाचे २६ दिवस म्हणजे ५००, दर वर्षामागे त्याचे पंधरा दिवस ७,५००, गुणिले २६ वर्षं, एकूण १,९५,०००. चेक हातात घेऊन त्या बराच वेळ आकड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, हे तुम्ही देताय की सरकार?" मी सांगितलं, "हे तुमचंच आहे, आमच्याकडे साठत होतं." गणपतीच्या आठवड्यात त्या आजही येतात, स्टुलावर बसून नव्या मुलींना साडीची घडी शिकवतात, आणि त्या दिवसांचा पगार घेतात. तो घ्यायलाच हवा, असा माझा हट्ट आहे.

यंदाच्या आषाढातही कॅलेंडर निघालं. जूनमध्ये लागलेली एक मुलगी कोपऱ्यात गप्प बसली होती. तिचा नंबर आला तेव्हा गणपतीचे पाच दिवस तिने लगेच सांगितले. शिमग्याला अडली. "वहिनी, आमच्या वाडीत पालखी कधी येते ते गावकीची बैठक बसल्यावर ठरतं. आत्ता कसं सांगू?"

फाल्गुनाच्या पानावर तिच्या नावापुढे आम्ही दोन दिवस पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत, तारीख न घालता.