पिकअपचे स्टिअरिंग: आधी माप, मग अलाइनमेंट

पिकअप एका बाजूला ओढू लागली की बहुतेक मालक ती थेट अलाइनमेंटच्या दुकानात नेतात. नारायणगाव आणि आळेफाटा पट्ट्यात टोमॅटो व कांदा वाहणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत मी हे नेहमी पाहत आलो आहे, आणि गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचेही तसेच झाले. माळशेज घाट उतरल्यावर, मुरबाडच्या अलीकडे, एका मोरीच्या तोंडाशी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे डावे चाक आदळले, स्टिअरिंगला डावीकडे जोराचा हिसका बसला, आणि त्यानंतर गाडी सरळ न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरावे लागू लागले. चालकाने वाटेतच एका दुकानात अलाइनमेंट करून घेतली. यंत्राच्या पडद्यावर आकडे हिरवे झाले, स्टिअरिंगही सरळ दिसू लागले, पण गाडी डावीकडे ओढतच राहिली आणि डाव्या व उजव्या वळणाचा घेर वेगवेगळा पडू लागला.

अलाइनमेंट म्हणजे सर्व भाग धडधाकट आहेत असे गृहीत धरून केलेली चाकांच्या कोनांची अखेरची जुळवणी. एखादा भाग वाकलेला असताना ती केली, तर आकडे बरोबर येतात आणि दोष मात्र झाकला जातो. हे कसे घडते, ते कळण्यासाठी चालकाच्या हातापासून चाकापर्यंत जोर कोणत्या वाटेने जातो, हे आधी पाहावे लागते.

माझ्या गाडीला पुढे पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसवलेला सरळ ॲक्सल आहे. स्टिअरिंगचा शाफ्ट चॅसिसवर बसवलेल्या स्टिअरिंग बॉक्समध्ये जातो, बॉक्समधून ड्रॉप आर्म खाली लोंबते, तिच्यापासून ड्रॅग लिंक उजव्या चाकाच्या आर्मपर्यंत (चाक वळवणाऱ्या दांड्यापर्यंत) येते, आणि ॲक्सलच्या मागून जाणारा लांब टाय रॉड उजव्या चाकाला डाव्या चाकाशी जोडतो. दोन्ही चाके आपापल्या किंगपिनवर, म्हणजे उभ्या खिळीवर, डावी-उजवीकडे फिरतात. म्हणजे ड्रॅग लिंक चालकाचा हुकूम उजव्या चाकापर्यंत पोहोचवते, आणि दोन्ही चाकांचे एकमेकांशी असलेले नाते टाय रॉड राखतो. तपासणीत हा फरक फार उपयोगी पडतो. ड्रॅग लिंक वाकली तर चाकांचा टो (दोन्ही चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरांतला फरक) बिघडत नाही, फक्त स्टिअरिंग तिरके होते. टाय रॉड वाकला तर टोच बिघडतो.

डावे चाक खड्ड्याच्या कडेवर आदळते तेव्हा ते मागे आणि बाहेर ढकलले जाते. त्याची आर्म ॲक्सलच्या मागे असल्यामुळे ती आत सरकते आणि टाय रॉडला दोन्ही टोकांकडून दाबते. लांब, सडपातळ नळी अशा दाबाखाली मध्येच वाकते. वाकलेली नळी म्हणजे आखूड झालेला टाय रॉड, आणि ॲक्सलच्या मागचा टाय रॉड आखूड झाला की चाकांच्या मागच्या कडा जवळ येतात व पुढच्या कडा फाकतात. यालाच टो-आउट म्हणतात. अशी गाडी रस्त्यावर भटकते, चालकाला सतत सावरावे लागते, आणि पुढच्या टायरांच्या आतल्या कडा लवकर झिजतात.

आता त्या दुकानात काय झाले असावे, ते सांगतो. टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला डावे, त्यामुळे नळी फिरवली की तिची लांबी कमी-जास्त होते. वाकलेली नळीच फिरवून टो कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे आणला गेला. मग स्टिअरिंग तिरके राहिले, म्हणून ते शाफ्टवरून काढून दोन-तीन दाते सरकवून पुन्हा बसवले गेले. स्टिअरिंग बॉक्सची रचना अशी असते की त्याचे दाते बरोबर मध्यभागी सर्वांत घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना थोडे सैल होत जातात, कारण सरळ रस्त्यावर प्ले (स्टिअरिंगची मोकळी हालचाल) कमीत कमी असावा लागतो. स्टिअरिंग दाते सरकवून सरळ केले की गाडी सरळ जात असताना बॉक्स मात्र मध्यापासून ढळलेला राहतो. मग सरळ रस्त्यावरच प्ले जाणवतो, आणि एका बाजूचे वळण लवकर संपते तर दुसऱ्या बाजूचे लांबते. पुढे एखादा मिस्त्री तो प्ले घालवण्यासाठी बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू कसतो आणि बॉक्सचेही नुकसान होते. तो स्क्रू फक्त बॉक्स मध्यावर असतानाच, आणि तोही हलक्या हाताने, कसायचा असतो.

तपासणीची सुरुवात टायरपासून करावी. हवा समान करावी, आणि तरीही गाडी ओढत असेल तर पुढची दोन्ही चाके एकमेकांच्या जागी लावून पाहावीत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरमध्ये आहे आणि पुढची मेहनत वाचली. माझ्या गाडीत ती डावीकडेच राहिली. त्याच वेळी रिमची आतली कड पाहून घ्यावी, कारण आदळलेल्या रिमचा पोक बऱ्याचदा आतल्या बाजूला असतो आणि बाहेरून दिसत नाही. टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल, तर आतले धागे तुटलेले असतात. असा टायर मागच्या चाकाला लावून चालवण्याची आपल्याकडची पद्धत मला अजिबात मान्य नाही.

यानंतरची चाचणी सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. गाडी सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना उटी लावावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू करावे. एकाने स्टिअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने खाली पाहून प्रत्येक जोडावर हात ठेवावा. चाके जमिनीवरच असावीत, कारण उचललेल्या चाकाला विरोध नसतो आणि सैल जोडही मुकाट्याने चाकाला वळवून टाकतो. ज्या जोडात एक भाग हलतो आणि पुढचा क्षणभर थांबतो, तो जोड गेलेला असतो. आमच्या गाडीत ड्रॅग लिंकच्या पुढच्या बॉल जॉइंटमध्ये (गोळीच्या फिरत्या सांध्यात) असा थांबा स्पष्ट दिसला. बॉक्स चॅसिसला जिथे बोल्टने बसतो, तिथेही हात ठेवावा. बॉक्स स्वतःच हलत असेल, तर बोल्ट सैल आहेत किंवा चॅसिसला चीर गेली आहे. चिखल धुतल्यावर रंगातून फुटलेली गंजाची बारीक रेघ दिसली, तर ती चीरच समजून चालावे.

मग जॅक लावावा, पण गाडी घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) टेकवल्याशिवाय खाली जाऊ नये. चाक वरून आणि खालून धरून हलवावे. हालचाल जाणवली तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष हबच्या बेअरिंगचा, आणि तशीच राहिली तर किंगपिनचा किंवा त्याच्या बुशचा. डाव्या चाकाचे बेअरिंग आमच्याकडे शाबूत होते, तरी आदळलेल्या बेअरिंगच्या रेसवर (कड्यावर) खाचा पडून काही दिवसांनी घरघर सुरू होऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

टो घरी मोजता येतो आणि त्याला यंत्र लागत नाही. प्रत्येक चाक उचलून फिरवायचे आणि टायरच्या मध्यावर खिळ्याने एक बारीक रेघ ओढून घ्यायची. गाडी खाली घेऊन थोडी पुढे-मागे करायची, म्हणजे पाटे आणि टायर आपल्या जागी बसतात. मग हबच्या उंचीवर पुढच्या बाजूने दोन रेघांमधले अंतर मोजायचे, गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकलायची, आणि तेच बिंदू मागे आले की पुन्हा मोजायचे. तेच बिंदू वापरल्यामुळे रिमचा वाकडेपणा मापात शिरत नाही. आमच्या गाडीचा टो दुकानाने आणलेला, म्हणजे पुस्तकाप्रमाणेच निघाला. टो बरोबर आणि ओढ कायम, म्हणजे दोष दुसरीकडे आहे, हे येथे नक्की झाले.

तो सापडला फीत लावल्यावर. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यांमधले अंतर दोन्ही बाजूंना मोजले, तेव्हा डावीकडचे सुमारे १२ मिलिमीटरने कमी भरले. डाव्या बाजूला ॲक्सल मागे सरकला होता. अशा वेळी गाडी सरकलेल्या बाजूकडे ओढते, आणि टो कितीही अचूक लावला तरी ती ओढ जात नाही. मागचा ॲक्सल सरकलेला असला तरी असाच संशय येतो, म्हणून ओल्या जमिनीवर गाडी सरळ नेऊन पुढच्या आणि मागच्या चाकांचे ठसे पाहावेत. मागचे ठसे दोन्ही बाजूंना सारखेच आत किंवा बाहेर पडत असतील, तर मागचा ॲक्सल जागेवर आहे. आमचा होता.

पाट्यांच्या गठ्ठ्यातून एक सेंटर बोल्ट जातो आणि त्याचे डोके ॲक्सलवरच्या भोकात बसते. ॲक्सलची जागा तो ठरवतो, पण आडवा जोर सोसण्याचे काम त्याचे नसते. ते काम पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणाचे असते. यू-बोल्ट सैल झाले की सारा जोर त्या एकट्या बोल्टवर येतो आणि एका दणक्यात त्याचे डोके कापले जाते. आमच्या गाडीचा डावीकडचा पाटा त्या उन्हाळ्यात बदलला होता, आणि पाटा बदलल्यावर काही अंतर चालवून यू-बोल्ट पुन्हा कसायचे असतात, ते गॅरेजमध्ये कसले गेले नव्हते. खड्डा निमित्त ठरला. शंभर कॅरेट भरले की टोमॅटोचेच वजन दोन टन होते, त्यात चालकाने खड्डा दिसताच ब्रेक दाबलेला, म्हणजे सगळा भार पुढे झुकलेला आणि पुढचे पाटे आधीच दबलेले. खड्डा चुकवता येत नसेल तर वेग आधी कमी करून चाक आत उतरण्याच्या क्षणी ब्रेक सोडावा, हे मी आता प्रत्येक नव्या चालकाला सांगतो.

दुरुस्तीत पहिला वाद टाय रॉडवरून झाला. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, गॅसवर तापवून सरळ करून देतो, नव्यासारखा होईल.” सरळ तो होतो, यात शंका नाही. पण स्टिअरिंगच्या आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसते तो वळणारा भाग) घडीव पोलादाच्या असतात, त्यांना उष्णतेचे संस्कार देऊन कणखर केलेले असते, आणि गॅसच्या ज्योतीत तो कणखरपणा जातो. थंड ठोकून सरळ केले तर वाकाच्या जागी डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा राहू शकतात. टाय रॉडची नळी असो वा आर्म, वाकलेला भाग बदलायचा, आणि स्टिअरिंगच्या कोणत्याही भागाला वेल्डिंग लावू द्यायचे नाही. नवा टाय रॉड आणि ड्रॅग लिंकचे दोन्ही बॉल जॉइंट आणले. ज्या आर्म ठेवायच्या होत्या, त्या रॉकेलने धुऊन, पुसून, खडूची पूड लावून रात्रभर ठेवल्या. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल पांढऱ्या पुडीवर रेघेसारखे उमटते. कारखान्यात यासाठी चुंबकीय तपासणी करतात, पण गावात ही जुनी युक्तीही बरीच कामाला येते.

बॉल जॉइंट काढताना त्याच्या आट्यांवर हातोडा मारू नये. आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने जोरात ठोका दिला की टेपर (जॉइंटचा निमुळता दांडा) सुटतो. नवा बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ असावा. नट ठरलेल्या ताकदीने कसल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही, तर नट पुढे कसून जुळवावे, मागे सोडून कधीच नाही. क्लॅम्प कसण्यापूर्वी दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच पातळीत आहेत ना, ते पाहावे, नाहीतर वळताना एक जॉइंट आधीच टेकतो आणि अडतो.

सेंटर बोल्ट आणि चारही यू-बोल्ट नवे घातले, कारण एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा तितका दाब देत नाहीत. ॲक्सल जागेवर येऊन दोन्ही बाजूंची मापे जुळल्यावर स्टिअरिंग बॉक्सचा मध्य काढला. ड्रॅग लिंक सुटी ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजले, निम्म्यावर बॉक्स थांबवला, स्टिअरिंग त्याच्या मूळ दात्यांवर बसवले, आणि चाके सरळ धरून ड्रॅग लिंकची लांबी त्याला जुळवून घेतली. टो सर्वांत शेवटी लावला.

वळणांचा घेर दोन्हीकडे सारखा आला, याचे मला विशेष समाधान वाटले. वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे ही कल्पना म्युनिकच्या गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी काढली, १८१८ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट रुडॉल्फ आकरमान यांनी घेतले, आणि नाव मात्र आकरमान यांचेच राहिले. हे नाते दोन्ही आर्मच्या कोनात दडलेले असते, त्यामुळे आर्म वाकली असती तर सरळ रस्त्यावर टो पुस्तकाप्रमाणे दाखवूनही प्रत्येक वळणावर टायर घासला असता.

पहिले काही दिवस गाडी निम्म्या मालावर चालवली आणि मग यू-बोल्ट पुन्हा कसले. प्रत्येक नट थोडा फिरला. पुढच्या दोन्ही टायरांवरून तळहात आडवा फिरवून पाहणे आता चालकाच्या सवयीचे झाले आहे. आतून बाहेर आणि बाहेरून आत हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे टोचत असेल, तर टो पुन्हा बिघडतो आहे, आणि त्या दिवशी माल भरण्याआधी खिळा, फीत आणि जॅक बाहेर काढायचे, असे आमचे ठरले आहे.